दोन गाड्या, एक कंटेनर: अमेरिकेतून जर्मनीला जाताना

गाडी परदेशी न्यायची म्हटलं की सगळे जहाजाबद्दल विचारतात. किती दिवस लागतात, भाडं किती, वाटेत ओरखडे पडतात का. आम्ही २०२३ मध्ये अमेरिकेतून जर्मनीला राहायला गेलो आणि आमच्या दोन्ही गाड्या बरोबर नेल्या. त्या अनुभवावरून सांगते, जहाज हा यातला सोपा भाग आहे. त्यासाठी पैसे मोजले की काम होतं. खरं काम म्हणजे एका देशात कायदेशीर असलेली गाडी दुसऱ्या देशात कायदेशीर करून घेणं. ते जमणार की नाही, हे आपण जुन्या घराची किल्ली परत देण्याआधी कोणते कागद गोळा केले आहेत यावर ठरतं.

आमची एक गाडी जर्मन बनावटीची सेडान होती, पण अमेरिकेत विकण्यासाठी बनवलेली. दुसरी मोठी मिनिव्हॅन, साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, सरकणारी दारं, आठ जणांची जागा. ही व्हॅन अमेरिकेतच बनते आणि युरोपात विकलीच जात नाही. दोन्हींचं कर्ज फिटलेलं होतं. त्या काळात वापरलेल्या गाड्यांचे भाव अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना चढलेले होते, आणि जर्मनीत तशी आठ जणांची व्हॅन शोधायला गेलं की आकडे पाहून पोटात गोळा येई. सासूबाई वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात. त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्या व्हॅनचं सरकतं दार आणि बेताच्या उंचीचं सीट त्यांना सवयीचं झालं होतं. सेडान न्यायचा निर्णय हिशेबावर झाला. व्हॅन न्यायचा निर्णय सासूबाईंच्या गुडघ्यांवर झाला, आणि मला तो आजही पटतो.

सगळ्यात आधी वाचायला हवा तो कस्टम्सचा नियम. युरोपीय संघाबाहेरून आणलेल्या गाडीवर आमच्या वेळी १० टक्के आयात शुल्क होतं, आणि शुल्क धरून होणाऱ्या रकमेवर जर्मनीचा १९ टक्के आयात कर. गाडीची किंमत आणि जहाजभाडं मिळून २०,००० युरो धरले, तर २,००० युरो शुल्क आणि २२,००० वर ४,१८० युरो कर. एका गाडीवर ६,१८० युरो झाले. दोन गाड्यांना हे भरायचं असतं तर आम्ही दोन्ही तिथेच विकून मोकळे झालो असतो.

पण बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला यातून पूर्ण सूट मिळते. युरोपीय संघाच्या २००९ च्या ११८६ क्रमांकाच्या नियमात ती दिलेली आहे. अटी मोजक्या आहेत, पण त्यांत ढिलाई नाही. तुम्ही किमान सलग १२ महिने संघाबाहेर राहिलेले असायला हवं. गाडी तुमच्या मालकीची आणि वापरातली, निघण्यापूर्वी किमान ६ महिने. नव्या देशात राहायला आल्यापासून १२ महिन्यांच्या आत ती आणायची. आणि आणल्यावर पुढचे १२ महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, तारण ठेवायची नाही, कुणाला वापरायलाही द्यायची नाही. ही शेवटची अट लोक हलक्यात घेतात. नोकरी सुटली, पैशांची गरज पडली, म्हणून आठव्या महिन्यात गाडी विकली, तर माफ झालेला कर भरावा लागतो.

सहा महिन्यांच्या अटीचा अर्थ नीट समजून घ्या. बदलीची बातमी आली म्हणून घाईने नवी गाडी घेऊन ती बरोबर न्यायचा बेत या अटीवर अडतो. आणि नुसती मालकी पुरत नाही, वापर दाखवावा लागतो. त्यासाठी आम्ही दोन्ही गाड्यांचं टायटल (म्हणजे मालकीचा सरकारी दाखला), राज्याचं रजिस्ट्रेशन, विमा कंपनीची मागच्या काळातली पत्रं आणि सर्व्हिसिंगची बिलं जमवली. सर्व्हिसिंगच्या बिलावर तारीख, गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) आणि त्या दिवशीचे मैल असतात. वापराचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही. माणसांच्या बाजूने घरभाड्याचा करार आणि तो संपवल्याचं पत्र, जुन्या नोकरीतून बाहेर पडल्याचं पत्र आणि नव्या नोकरीचा करार हे कागद लागले. टायटल ज्याच्या नावावर, त्यानेच स्थलांतर करायला हवं. आमच्या टायटलवर दोघांची नावं होती, म्हणून दोघांचेही कागद जोडले.

अमेरिकेतून गाडी बाहेर काढायलाही नियम आहेत. चोरीच्या गाड्या देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून तिथलं कस्टम्स खातं मूळ टायटल बघतं. फोटोकॉपी चालत नाही. जहाज सुटण्याच्या किमान ७२ तास आधी कागद आणि गाडी बंदरावर हजर असावी लागते. टायटलवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं लेखी संमतीपत्र लागतं. कर्ज फेडून झालेलं असतं, पण टायटलवरचं बँकेचं नाव निघालेलं नसतं, असं बऱ्याच जणांचं होतं. राज्याच्या कार्यालयातून बोजा उतरवलेलं नवं टायटल यायला आठवडे जातात, म्हणून हे काम यादीत पहिलं ठेवा. वापरलेली गाडी निर्यात करताना तिची किंमत कितीही असली तरी सरकारकडे इलेक्ट्रॉनिक माहिती भरावीच लागते. स्वतः भरायची तर सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, वेगळा कर-क्रमांक काढावा लागतो. आमच्या एजंटने ते भरून दिलं.

निघण्याआधी आणखी एक काम केलं, आणि ते सगळ्यांनी करावं असं मी आग्रहाने सांगते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर व्हीआयएन टाकला की त्या गाडीवर कंपनीने जाहीर केलेली पण न झालेली दुरुस्ती दिसते. ती फुकट होते. युरोपात न विकल्या जाणाऱ्या गाडीची अशी दुरुस्ती तिथे कोण करून देणार? व्हॅनची एक बाकी होती, ती करून घेतली. शिवाय व्हॅनसाठी फिल्टर, वायपर, ब्रेक पॅड आणि एक जादा रिमोट किल्ली घेऊन ठेवली. अमेरिकेतल्या किल्ल्यांचं रिमोट बहुतेक ३१५ मेगाहर्ट्झवर चालतं, युरोपातलं ४३३ च्या आसपास. म्हणजे हरवलेली किल्ली तिथल्या दुकानातून मिळणारच नाही.

गाडी जहाजावर चढवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक रोरो, म्हणजे गाडी चालवतच जहाजाच्या पोटात नेतात आणि पलीकडे चालवत उतरवतात. दुसरी कंटेनर. एकच गाडी असेल तर बहुधा रोरो स्वस्त पडतं, पण त्यात गाडीत सामान ठेवता येत नाही. आमच्या दोन गाड्या होत्या आणि घरातलं थोडं सामानही. चाळीस फूट लांबीच्या, जास्त उंचीच्या कंटेनरमध्ये दोन्ही गाड्या मागेपुढे बसल्या आणि खोकी कडेने रचता आली. गाड्या आत घेऊन चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे खिळ्यांनी पक्के केले, चाकांना पट्टे आवळले, बॅटरीची तार काढली. पेट्रोल टाकीत पाव भागाहून कमी ठेवायला सांगितलं होतं. आदल्या दिवशी दोन्ही गाड्या स्वच्छ धुऊन, उन्हात उभ्या करून चारही बाजूंनी, छपरावरून, चाकांचे, आतल्या सीट्सचे, मैलांच्या आकड्याचे फोटो काढले. मळलेल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही, आणि जो आधी दिसला नाही त्याचा दावा विमा कंपनी मानत नाही.

विम्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे पैसे वाचवायचा मोह फार होतो. स्वस्त विमा फक्त संपूर्ण नुकसान भरून देतो, म्हणजे गाडी बुडाली किंवा जळाली तरच. महाग विमा ओरखड्यापासून सगळं धरतो. आम्ही सेडानसाठी महाग घेतला. व्हॅनचा पत्रा आधीच ठिकठिकाणी खरचटलेला, तिच्यासाठी स्वस्त. पण विमा घेतला नाही असं मात्र करू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेलिसिटी एस नावाचं गाड्यांचं जहाज जर्मनीतल्या एम्डेनहून अमेरिकेला जाताना अझोर्स बेटांजवळ पेटलं आणि मार्चच्या पहिल्या तारखेला सुमारे ४,००० गाड्यांसह बुडालं. आम्ही बेत आखत होतो त्याच वर्षातली ही गोष्ट.

आणि जहाज बुडावंच लागतं असंही नाही. सागरी व्यापारात एक फार जुना नियम आहे, त्याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. जहाज वाचवण्यासाठी जो खर्च किंवा त्याग करावा लागतो, तो त्या जहाजावर माल असलेल्या सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा हाच नियम लावला गेला. तुमच्या गाडीला धक्काही लागलेला नसतो, पण हमी भरल्याशिवाय ती हातात येत नाही. माल विमा असेल तर ही हमी कंपनी देते. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

जहाज न्यू जर्सीच्या बंदरातून ब्रेमरहाफेनला गेलं. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ते उशिरा निघालं, उशिरा पोचलं, आणि कंटेनरचा क्रमांक टाकून नकाशावर ते कुठे आहे हे बघायची मुलांना सवय लागली. इतकंच. बंदरावर मात्र जागरूक राहावं लागतं. ठरावीक दिवस कंटेनर फुकट ठेवतात, मग रोजचं भाडं सुरू होतं आणि ते चढत जातं. म्हणून कस्टम्सचा अर्ज जहाज पोचायच्या आधीच तयार हवा. त्या अर्जाला जर्मनीतल्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला लागतो, ती नोंदणी राहायला आल्यावर महापालिकेच्या कार्यालयात करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. घर मिळेपर्यंत हॉटेलात राहणाऱ्यांची साखळी इथेच तुटते. आमचं घर आधी ठरलं होतं म्हणून आम्ही या पेचातून सुटलो.

अर्जासोबत सामानाची यादी दिली. दोन गाड्या, प्रत्येकीचा व्हीआयएन, अंदाजे किंमत, कधीपासून मालकीची. अधिकाऱ्याने सर्व्हिसिंगची बिलं एकेक करून पाहिली. व्हॅनच्या बाबतीत मधल्या काळाचं एखादं बिल आहे का, असं विचारलं. होतं. शुल्कमाफीचा शिक्का बसला. तो कागद पुढे गाडीच्या नोंदणीला लागतो, म्हणून त्याच्या प्रती काढून मूळ कागद जपून ठेवा.

आता खरा भाग. बंदरावरून गाडी चालवत घरी नेता येत नाही. ती जर्मनीत नोंदलेली नाही, तिचा तिथला विमा नाही. पाच दिवस चालणारी तात्पुरती नंबरप्लेट मिळते, पण तिलाही विमा लागतो, आणि गाडीची तांत्रिक तपासणी झालेली नसेल तर ती कुठे चालवायची यावर मर्यादा असतात. आम्ही दोन्ही गाड्या ट्रकवर घालून थेट एका गॅरेजला नेल्या. तिथल्या मेकॅनिकने अमेरिकन गाड्या आधी हाताळल्या होत्या. असा माणूस गाडी पोचण्याआधी शोधून ठेवा. त्याला गाडीच्या पुढचे, मागचे, दिव्यांचे आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचे फोटो आधीच पाठवा. बॉनेटखाली प्रदूषण नियंत्रणाची माहिती देणारं एक स्टिकर असतं आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर वजनं, अ‍ॅक्सलचा भार, टायरचं माप सांगणारं दुसरं. परक्या देशात तुमच्या गाडीची ओळख सांगणारे हे दोनच कागद तिच्या अंगावर असतात. रंगकामात ते निघालेले किंवा झिजलेले असतील तर परिस्थिती अवघड होते.

युरोपात विकली जाणारी प्रत्येक गाडी एका मान्यतापत्रासह येते. ते असेल तर नोंदणी म्हणजे कागदांची देवघेव. अमेरिकेसाठी बनवलेल्या गाडीला ते नसतं, जरी ती जर्मनीतच बनलेली असली तरी. मग त्या एकाच गाडीपुरती मान्यता घ्यावी लागते. जर्मन वाहन नियमावलीच्या २१ व्या कलमाखाली एक अधिकृत तज्ज्ञ, आमच्या बाबतीत टीयूव्ही या तपासणी संस्थेचा, गाडीचा कण न् कण तपासतो आणि अहवाल लिहितो.

सेडानचं काम तुलनेने सुरळीत झालं. कंपनीने व्हीआयएनवरून तांत्रिक माहितीचा कागद फी घेऊन दिला. मागचे दिवे बदलावे लागले. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असलेला चालतो, युरोपात तो पिवळाच हवा. युरोपातल्या त्याच मॉडेलचे दिवे मिळाले, ते जसेच्या तसे बसले आणि संगणक जोडून गाडीला त्यांची ओळख करून दिली. हेडलाइटही युरोपीय घातले, काचेवर वर्तुळात ‘ई’ अक्षर असलेले. मागचा धुक्याचा दिवा युरोपात सक्तीचा आहे, तो नव्या दिव्यांतच होता. स्पीडोमीटर मैलांवरून किलोमीटरवर आणणं हा सेटिंगमधला एक पर्याय निघाला.

व्हॅनने मात्र आम्हाला सगळं शिकवलं. तिचं युरोपीय भावंडच नाही, तर सुटे दिवे कुठून आणणार? तिच्यात ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकच, लाल. मेकॅनिकने दिव्याच्या आतल्या एका कप्प्यात पिवळा बल्ब बसवला, तारा वेगळ्या केल्या आणि ब्रेकचा सिग्नल वळणाच्या सिग्नलपासून तोडणारं एक छोटं उपकरण मध्ये जोडलं. मागच्या बंपरखाली डाव्या बाजूला धुक्याचा दिवा लावला. तो उजव्या बाजूने वाहनं चालणाऱ्या देशांत डावीकडे किंवा मधोमध हवा, उजवीकडे चालत नाही. पुढच्या कडेला सतत पेटणारा पिवळा पार्किंगचा दिवा होता, त्याच्या जागी पांढरा आला. बाजूचे इंडिकेटर नव्हते, ते पुढच्या पत्र्यात बसवले. नंबरप्लेटची जागा अमेरिकन, म्हणजे साधारण ३०५ बाय १५२ मिलिमीटर. जर्मन प्लेट ५२० बाय ११०. मागे दोन ओळींची, आखूड प्लेट मिळाली, पण ती नुसती मागितली म्हणून मिळत नाही. लांब प्लेट बसतच नाही असं तज्ज्ञाने लिहून दिल्यावर मिळाली.

मग काचा आणि हेडलाइट. काचांवर अमेरिकेची मान्यताखूण होती, युरोपची नव्हती. हेडलाइटचंही तेच. काचा बदलणं शक्यच नव्हतं, तशा युरोपीय काचा कुणी बनवतच नाही. इथे त्याच नियमावलीचं कलम ७० कामी आलं. राज्य पातळीवरचं कार्यालय एखाद्या गाडीला ठरावीक बाबींपुरती सूट देऊ शकतं. तज्ज्ञाने आपल्या अहवालात काय सुधारलं, काय सुधारता येत नाही आणि त्यामुळे सुरक्षेला बाधा येते की नाही, हे मुद्देसूद लिहिलं. तो अहवाल जोडून आम्ही अर्ज केला आणि सूट मिळाली. ती मिळणं हा हक्क नाही, हे समजून घ्या. ज्या तज्ज्ञाकडे जाल त्याच्याशी काम सुरू करण्याआधी बोला. त्याला काय पुरेसं वाटेल हे त्यानेच सांगितलं तर मेकॅनिकचं काम दुसऱ्यांदा करावं लागत नाही. आमचा तज्ज्ञ तुसडा वाटला होता, पण त्याने पहिल्याच भेटीत पूर्ण यादी लिहून दिली आणि शेवटपर्यंत तिच्यात एकही नवी गोष्ट घातली नाही. सरकारी कामात अशा माणसाची किंमत फार मोठी असते.

बाकी राहिले आकडे. जर्मन नोंदणीपत्रात गाडी उभी असताना किती आवाज करते, चालताना किती, कार्बन डायऑक्साइड किती सोडते, असे रकाने असतात. अमेरिकन कागदांत यातलं काही नसतं. आवाज त्यांनी तपासणीच्या आवारात मोजला. उत्सर्जनाचा आकडाही अहवालातून आला. तो महत्त्वाचा, कारण वार्षिक वाहनकर इंजिनाच्या आकारावर आणि त्या आकड्यावर ठरतो. पेट्रोल गाडीला सुरू झालेल्या प्रत्येक १०० सीसीला २ युरो, म्हणजे साडेतीन लिटरला ७० युरो, आणि कार्बनचा भाग वेगळा. व्हॅनचा कर सेडानपेक्षा चांगलाच जास्त बसला.

नोंदणी कार्यालयातलं काम अहवाल हातात आल्यावर एका बैठकीत झालं. विमा कंपनीचा सात अक्षरी कोड, कस्टम्सचा कागद, टायटल, अहवाल, पासपोर्ट, पत्त्याचा दाखला, कर कापायला बँक खात्याची परवानगी. नोंदणीपत्राचे दोन भाग मिळतात. पहिला गाडी चालवताना जवळ ठेवायचा. दुसरा मालकीचा, तो घरी ठेवायचा, गाडीत कधीही नाही.

विम्याच्या हप्त्यात मोठा फरक पडतो तो अपघाताविना गेलेल्या वर्षांनी. अमेरिकेतल्या विमा कंपनीकडून निघतानाच पत्र घेऊन ठेवा: कधीपासून विमा, कुणाच्या नावावर, किती दावे. काही जर्मन कंपन्या ते मानतात, काही नाही. आम्हाला मानणारी कंपनी मिळाली. ते पत्र नसतं तर अनुभवी चालक असूनही नवशिक्याचा हप्ता भरावा लागला असता.

काही गोष्टी गाडीपेक्षा घरच्यांशी जास्त संबंधित आहेत. मुलांच्या अमेरिकन कार सीट्स जर्मनीत चालत नाहीत, कितीही चांगल्या असल्या तरी. त्यांच्यावर युरोपीय मानकाचं लेबल लागतं, आर ४४ किंवा आर १२९. आम्ही त्या नेल्याच नाहीत, पोचल्या दिवशी नव्या घेतल्या. हिवाळ्यात बर्फ किंवा बर्फाळ रस्ता असेल तेव्हा हिवाळी टायरांवरच गाडी चालवावी लागते, आणि त्यांवर डोंगर आणि हिमकणाची खूण हवी (सप्टेंबर २०२४ पर्यंत ही अट २०१८ पासून बनलेल्या टायरांनाच होती, आता सगळ्यांना आहे). अमेरिकेतल्या आमच्या बारमाही टायरांवर नुसतं ‘एम अधिक एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं होतं, ते पुरत नव्हतं. व्हॅनचा रेडिओ फक्त ८८.१, ८८.३ असे विषम आकडे पकडतो, त्यामुळे अर्धी स्टेशनं लागतच नाहीत. आणि लायसन्स. अमेरिकन लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. पुढे बदलून मिळतं, पण कसं ते तुमच्या राज्यावर अवलंबून आहे. काही राज्यांचं सरळ बदलून देतात, काहींना लेखी परीक्षा, काहींना सगळंच पहिल्यापासून. गाडी समुद्रात आणि गॅरेजमध्ये असताना ते सहा महिने सरत असतात, म्हणून लायसन्सचा अर्ज गाडीची वाट न पाहता करावा.

हे सगळं करावं का, असं मला हल्ली वरचेवर विचारलं जातं. मी आधी विचारते, तुमची गाडी जिथे जाताय तिथे विकली जाते का? जात असेल, शुल्कमाफीच्या अटीत बसत असेल आणि तुम्ही निदान काही वर्षं राहणार असाल, तर न्या. तिथे विकलीच जात नसेल, तर तिची गरज किती खरी आहे हे घरात बसून ठरवा, कारण पुढेही काच फुटली की ती अमेरिकेहून मागवावी लागणार आणि विकायला काढली की गिऱ्हाईक मिळणं कठीण. विजेच्या गाडीबद्दल मी जास्त सावध आहे. अमेरिकेतलं आणि युरोपातलं चार्जिंगचं तोंड वेगळं असतं.

आणि देश बदलला की नियम मुळापासून बदलतात, हे विसरू नका. ब्रिटनची सूट युरोपसारखीच आहे, सहा आणि बारा महिन्यांची. अमेरिकेत उलट दिशेने गाडी न्यायची तर २५ वर्षांहून कमी वयाच्या गाडीला तिथली सुरक्षा मानकं पाळावीच लागतात, बिऱ्हाड हलवताय म्हणून ढील नाही. ऑस्ट्रेलियात गाडी जहाजावर चढवण्याआधीच आयात मंजुरी घ्यावी लागते, आणि चाकाच्या खाचेत माती दिसली तरी जैवसुरक्षा खातं गाडी अडवतं. भारतात परतताना जुनी गाडी नेण्याचा विचार करणाऱ्यांना मी एवढंच सांगते की तिथे स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि बिऱ्हाडाच्या सामानावरची सवलत गाडीला मिळत नाही. आमच्या दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे आहे. सेडान बारा महिने उलटल्यावर विकायची की ठेवायची यावर घरात अजून एकमत नाही. व्हॅन मात्र ठेवायची आहे, तिची पुढची तपासणी नोंदणीपासून दोन वर्षांनी आहे, आणि मेकॅनिकने त्याआधी मागचा धुक्याचा दिवा उघडून त्याचा जोड पुन्हा सील करायला सांगितलं आहे.